औषध आणि त्याची वेळ

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ‘1-0-1’ असं लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. गोळी पोटात गेली की रक्तातलं औषधाचं प्रमाण चढत जातं, एका उंचीला पोचतं आणि यकृत-मूत्रपिंडांच्या कामामुळे पुन्हा उतरू लागतं. फार चढलं तर अपाय होतो, फार उतरलं तर गुण येत नाही. या दोन रेषांच्या मध्ये राहता यावं म्हणून ते तीन आकडे. पण ते पाळायचे कुणी? पहाटे ऊसतोडीला निघणाऱ्या बाईनं, विसरभोळेपणा सुरू झालेल्या आजोबांनी, ‘मला काही झालेलंच नाही’ असं ज्याचा आजारच त्याला सांगतो त्या मनोरुग्णानं. घड्याळ सांभाळायचं काम आपण सर्वांत अडचणीत असलेल्या माणसावर टाकतो.

हे काम स्वतःकडे घेणारे काही पदार्थ गेल्या पन्नास-साठ वर्षांत तयार झाले. शरीरात औषध थोडं थोडं सोडत राहायचं आणि काम संपलं की स्वतःही विरून जायचं, असं त्यांचं वागणं. त्यांच्याविषयी बोलताना मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. वेळ हा औषधाचाच घटक आहे. रेणू तोच ठेवून वेळ बदलली, तर औषध बदलतं. ही अतिशयोक्ती वाटत असेल, म्हणून आधी पुरावा देतो.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून एक छोटं संप्रेरक सुटतं. दहा अमिनो आम्लांची ती साखळी. ती पियुषिका ग्रंथीला जागं करते, आणि मग पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, स्त्रियांत इस्ट्रोजेन तयार होण्याचं चक्र चालतं. अशा मेंदूतल्या संप्रेरकांच्या शोधासाठी अँड्र्यू शॅली आणि रोजर गिलमिन यांना 1977 च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्यानंतर लगेच, 1978 मध्ये, अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं माकडांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माकडांच्या शरीरात हे संप्रेरक स्वतःहून तयार होणं बंद केलेलं होतं. मग ते बाहेरून द्यायला सुरुवात केली. तासातासाला थोडं थोडं दिलं, तेव्हा पियुषिका नीट काम करू लागली. तेच संप्रेरक अखंड धारेनं दिलं, तेव्हा पियुषिकेनं काम थांबवलं. रेणू एकच, ठोक्यानं दिला तर चालना, सतत दिला तर बंदी.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग बहुधा टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं होतं. तेव्हापासून उपाय म्हणजे वृषणं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, नाहीतर स्त्री-संप्रेरकं. शस्त्रक्रियेतून परतल्यावर माणूस घरी काय बोलत असेल, किती गप्प राहत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. नोबिल यांच्या प्रयोगानं वेगळी वाट दाखवली. हायपोथॅलॅमसच्या संप्रेरकासारखाच, पण अधिक टिकाऊ असा ल्युप्रोलाइड नावाचा नऊ अमिनो आम्लांचा रेणू आधीच तयार होता. तो सतत दिला की सुरुवातीला काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि नंतर पार खाली येतं. अडचण ही की तो तोंडानं देता येत नाही. पोटात पचून जातो. रोज इंजेक्शन घ्यावं लागे.

जपानच्या ताकेदा कंपनीतल्या ओकादा, ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या बारीक गोळ्यांमध्ये कोंडलं. महिन्याला एक इंजेक्शन पुरू लागलं. 1989 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. शस्त्रक्रियेऐवजी हे इंजेक्शन निवडणाऱ्यांच्या हातात औषधाइतकंच एक वेळापत्रकही पडत होतं. आणि ते वेळापत्रक सांभाळत होता पॉलिमर.

आता या पॉलिमरकडे वळतो, कारण त्याची कुळकथा फार चटका लावणारी आहे. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स 1930 च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत नवे धागे शोधत होते. लॅक्टिक आम्लापासून बनणाऱ्या पॉलिएस्टरवरही त्यांनी काम केलं. 1932 चा त्यांचा शोधनिबंध उपलब्ध आहे. पण पाण्याच्या सहवासात तुटणारा धागा कापडाला काय कामाचा? ते नायलॉनकडे वळले. पुढे 1966 मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत आर. के. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पदार्थ प्राण्यांच्या शरीरात ठेवून पाहिला. तो शरीराला खुपला नाही, आणि हळूहळू नाहीसा झाला. कापडाच्या दृष्टीनं जो दोष, तोच शल्यचिकित्सेत गुण ठरला. 1970 च्या सुमारास ग्लायकॉलिक आम्लाच्या पॉलिमरचे टाके बाजारात आले, 1974 मध्ये लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक दोन्ही मिळून केलेल्या पॉलिमरचे, म्हणजेच पीएलजीएचे. त्याआधी विरघळणारे टाके म्हणजे मेंढ्यांच्या, गुरांच्या आतड्यांपासून केलेला कॅटगट. आज बाळंतपणात घातलेले टाके काढायला परत जावं लागत नाही, त्यामागे बहुतेक वेळा याच घराण्यातला धागा असतो.

टाक्यांमुळे एक फार मोठं काम आपोआप झालं. हा पदार्थ माणसाच्या शरीरात सुरक्षित आहे, हे लाखो जखमांमध्ये सिद्ध झालं. पाणी पॉलिमरच्या साखळीत शिरतं, कड्या जोडणारे एस्टर बंध तोडतं, उरतात लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लं. लॅक्टिक आम्ल तर जिना चढताना आपल्या स्नायूंतही तयार होतं. शरीर त्यांचा शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं. दोन्ही आम्लांचं प्रमाण बदललं की विरण्याचा वेग बदलतो. निम्मी-निम्मी घेतली तर सर्वांत लवकर, लॅक्टिक वाढवलं तर सावकाश. कारण लॅक्टिकच्या प्रत्येक कडीला चिकटलेला मिथाइल गट पाण्याला जवळ येऊ देत नाही. आठवड्यांचा हिशेब असा रसायनात लिहिता येतो.

औषध सावकाश सोडण्याची कल्पना मात्र दुसऱ्या दिशेनं आली. ज्यूडा फोकमन नावाचा तरुण शल्यचिकित्सक अमेरिकी नौदलात असताना त्याच्या लक्षात आलं, की सिलिकॉन रबराच्या नळीतून काही रंगद्रव्यं आरपार झिरपतात. डेव्हिड लाँग यांच्यासह त्यानं 1964 मध्ये त्याचा निबंध लिहिला. सिलिकॉन विरत नाही. त्याच तत्त्वावर पुढे आलेलं नॉरप्लांट हे गर्भनिरोधक सहा कांड्यांच्या रूपात दंडाच्या कातडीखाली बसवत, आणि पाच वर्षांनी त्या कांड्या शोधून, कापून काढाव्या लागत. बसवणं सोपं, काढणं जिकिरीचं. विरून जाण्याचं मोल तिथे कळतं.

1974 मध्ये फोकमन यांच्याकडे बोस्टनला रॉबर्ट लँगर नावाचा केमिकल इंजिनिअर आला. प्रथिनांसारखे मोठे रेणू पॉलिमरमधून बाहेर येऊच शकत नाहीत, असं तेव्हा जवळपास सर्वांचं मत होतं. 1976 मध्ये ‘नेचर’मध्ये लँगर आणि फोकमन यांनी ते खोटं ठरवलं. पॉलिमरमध्ये वळणावळणाच्या सूक्ष्म वाटा राहतील असं ते घडवायचं. मोठा रेणू त्या वाटांतून भटकत भटकत, दिवसच्या दिवस घेत बाहेर येतो. लँगर यांचे सुरुवातीचे नऊ अनुदान-अर्ज फेटाळले गेले, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. संशोधनाचा पैसा वाटणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आता ती महिनाभराची इंजेक्शनं होतात कशी, ते थोडं जवळून पाहू. औषध पाण्याच्या थेंबभर द्रावणात असतं. पॉलिमर डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवलेला, मधाइतका दाट. दोन्ही जोरानं घुसळले की पॉलिमरच्या द्रावणात, त्याला इथे तेल म्हणू, पाण्याचे बारीक थेंब अडकतात. हे दुधट मिश्रण पुन्हा पुष्कळ पाण्यात घुसळायचं. आता पाण्यात तेल आणि त्या तेलात पाणी असे थेंब होतात. तासन् तास ढवळत राहिलं की डायक्लोरोमिथेन उडून जातं आणि प्रत्येक थेंबाची घट्ट गोळी होते. केसाच्या जाडीहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली ती गुळगुळीत दिसते. ती वाळवून पांढरी पूड होते. दवाखान्यात नर्स दोन कप्प्यांच्या सिरिंजचा दट्ट्या सावकाश पुढे करते, पुढच्या कप्प्यातली पूड मागच्या द्रवात मिसळते, सिरिंज पांढरी होते. थांबलं तर पूड तळाशी बसते, म्हणून लगेच टोचावं लागतं.

ल्युप्रोलाइडच्या बाबतीत निसर्गानं हातभार लावला. त्या रेणूवर धन प्रभार आहे, पॉलिमरच्या टोकांना ऋण. दोघं एकमेकांना धरून राहतात, म्हणून औषध पहिल्याच दिवशी सगळं निसटत नाही. सगळी औषधं अशी गुणी नसतात. गोळीच्या पृष्ठभागावर राहिलेलं औषध पहिल्या काही तासांत भसकन सुटतं, मग बराच काळ जवळपास काहीच नाही, आणि पॉलिमर खिळखिळा झाला की पुन्हा लोंढा. रिस्पेरिडोन या मनोविकारावरच्या औषधाचं असं इंजेक्शन 2003 मध्ये अमेरिकेत आलं. ते दर दोन आठवड्यांनी द्यायचं. पण पहिल्या इंजेक्शनातलं औषध नीट सुटायला तीन आठवडे लागतात, म्हणून तोवर तोंडानं घ्यायच्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. आपल्याकडे मनोविकारांच्या दवाखान्यांत फ्लुफेनाझिनचं जुनं इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं गेलं. ते तिळाच्या तेलात असतं, काही आठवडे पुरतं, आणि स्वस्त आहे. नव्याचं कौतुक करताना मी या तेलाला कधी कमी लेखत नाही.

आता आपण माझ्या आवडीच्या आणि सर्वांत कठीण भागाशी आलो. पीएलजीए विरताना आम्ल तयार करतो, आणि आम्ल विरण्याचा वेग वाढवतं. बारीक गोळीतलं आम्ल बरंचसं बाहेर निघून जातं. पण जाड कांडी किंवा पट्टी असेल, तर गाभ्यातलं आम्ल अडकून पडतं. फ्रान्समध्ये मिशेल व्हेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या आसपास दाखवलं, की अशा तुकड्याचं बाहेरचं कवच शाबूत असताना आतलं अंग आधी गळून जातं. आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट. 2000 मध्ये लँगर यांच्याच गटानं आम्लता दाखवणारी रंगद्रव्यं वापरून बारीक गोळ्यांच्या आतलं चित्र टिपलं. काही जागी pH 1.5 पर्यंत उतरलेला होता. म्हणजे जठरातल्या रसाइतकं आम्ल. ज्या प्रथिनाला पोटातल्या आम्लापासून वाचवायचं म्हणून आपण ते टोचतो, त्याला आपणच आम्लाच्या डबक्यात ठेवत होतो.

इथे खनिज मदतीला येतं. पॉलिमरमध्ये कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट यांची बारीक पूड मिसळली की तयार होणारं आम्ल जागच्या जागी मारलं जातं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे पोटातल्या जळजळीसाठी आपण पितो त्या पांढऱ्या औषधातलं द्रव्य. स्टीव्हन श्वेंडमन यांच्या गटानं 2000 मध्ये ते पीएलजीएमध्ये मिसळून दाखवलं, की आतली प्रथिनं महिनाभरानंतरही धड राहतात. पॉलिमर आणि खनिज यांच्या या संमिश्र पदार्थात दोघंही एकमेकांचा उणेपणा भरून काढतात.

पण खनिज घातलं की सगळं सुरळीत, असं मुळीच नाही. पूड नीट न मिसळता गुठळ्या झाल्या, तर पॉलिमर आणि खनिज यांच्या सांध्यातून पाणी आत शिरतं आणि औषध ठरल्यापेक्षा लवकर निघून जातं. पॉलिमरमध्ये पाणी कसं शिरतं आणि रेणू त्यातून कसे सरकतात, या प्रश्नावरचं काम आपल्याकडेही मुरलेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पाणी पिऊन फुगणाऱ्या पॉलिमर जेलवर दीर्घकाळ काम केलं.  ती परंपरा आपल्या विद्यार्थ्यांपासून फार लांब नाही.

संमिश्र पदार्थांची गरज सर्वांत उघडपणे दिसते ती हाडांच्या जंतुसंसर्गात. मोटारसायकलच्या अपघातात हाड मोडून बाहेर येतं, माती लागते, पू होतो. हाडाचा मेलेला तुकडा रक्तापासून तुटलेला असतो, म्हणून शिरेतून कितीही प्रतिजैविक दिलं तरी तिथे पुरेसं पोचत नाही. युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी 1970 च्या दशकात जेंटामायसिन हे प्रतिजैविक भरलेले अ‍ॅक्रिलिकचे मणी पोलादी तारेत ओवून ती माळ थेट जखमेत ठेवायला सुरुवात केली. उपाय लागू पडतो, पण मणी विरत नाहीत. माळ काढायला दुसरं ऑपरेशन. गरीब घरात दुसऱ्या ऑपरेशनचा अर्थ पुन्हा भूल, पुन्हा खाट, पुन्हा मजुरी बुडणं. पीएलजीए आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचा मणी केला, तर तो प्रतिजैविक सोडतो, त्यातलं खनिज आम्ल मारतं, मण्याला ताठपणा देतं आणि नव्या हाडाला चढायला आधारही होतं. सुक्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग अशाच खनिजाचा असल्यामुळे शरीराला ते परकं वाटत नाही. जैवविघटनशील संमिश्रांचं इतकं चोख काम मला दुसरं दिसत नाही.

पण सगळेच पॉलिमर पीएलजीएसारखे आतून गळत नाहीत. मेंदूच्या कर्करोगासाठी 1996 मध्ये मान्यता मिळालेल्या, औषध सोडणाऱ्या चकत्या वेगळ्या पॉलिमरच्या आहेत. पॉलिअनहायड्राइड तोंडात धरलेल्या खडीसाखरेसारखा फक्त बाहेरून झिजतो, गाभा कोरडा राहतो. गाठ काढल्यावर त्या पोकळीत जास्तीत जास्त 8 चकत्या ठेवतात, प्रत्येकीत 7.7 मिलिग्रॅम कार्मुस्टिन हे औषध. रोग उलटलेल्या रुग्णांवरच्या चाचणीत मध्यक (median) आयुष्य 23 आठवड्यांवरून 31 वर गेलं. आठ आठवडे. ज्या घरानं ते आठवडे मिळवले त्याच्याजवळ जाऊन ते थोडे आहेत असं मी म्हणणार नाही.

आणि एक अपुरं राहिलेलं काम. धनुर्वाताची लस टप्प्याटप्प्यानं घ्यावी लागते. पुढच्या डोसला न येणाऱ्या बायका आणि मुलं यांची चिंता गावच्या आशाताईला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 च्या दशकात एकाच टोचणीत सगळे डोस देणाऱ्या पीएलजीए गोळ्यांचं संशोधन पुढे नेलं. लस दवाखान्यात पोचली नाही. मोठी अडचण तीच: ओलावा आणि आम्ल यांनी गोळीतलं टॉक्सॉइड, म्हणजे लसीचं मूळ द्रव्य, बिघडत होतं. 2017 मध्ये लँगर यांच्याशी संबंधित गटानं पीएलजीएचे इवलेसे पेले साच्यात घडवून, भरून, वर झाकण चिकटवलं. प्रत्येक पेला ठरलेल्या दिवशी फुटतो. कल्पना सुरेख आहे, पण पेल्यातलं प्रथिन त्या दिवसापर्यंत टिकवण्याचं काम उरतंच.

हे सगळं आपल्या हवेत चालणार का, हे विचारल्याशिवाय मला बसता येणार नाही. कोरडा पीएलजीए साधारण 45 ते 55 अंश सेल्सिअसला काचेसारखा कडक न राहता मऊ होतो. ओलावा लागला की त्याहूनही कमी तापमानाला. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, बंद गाडीत तर विचारूच नका. मऊ झालेल्या गोळ्या एकमेकींना चिकटतात, पूड सुईतून जात नाही, आणि गेली तरी तिचं वेळापत्रक कारखान्यातलं राहिलेलं नसतं. म्हणून ही औषधं थंड ठेवावी लागतात. निर्जंतुक करताना वाफेचा ऑटोक्लेव्ह चालत नाही, कारण गरम पाणी साखळ्या तोडतं. गॅमा किरणांनीही त्या थोड्या तुटतात. म्हणून बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत निर्जंतुक खोलीत काम करावं लागतं. त्याचा खर्च भला मोठा. वाढीच्या संप्रेरकाची पीएलजीए गोळी 1999 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि 2004 मध्ये बंद झाली. तिथे परवडलं नाही, तर इथे?

आपल्या प्रयोगशाळांमधून या विषयावर निबंध पुष्कळ निघतात. कोळंबीच्या कवचापासूनच्या काइटोसानवर तर ढिगांनी. त्यातले अनेक निबंध एकच आलेख काढून थांबतात: 37 अंशांच्या द्रावणात इतक्या तासांत इतकं औषध सुटलं. मला त्यापुढचे आलेख हवे आहेत. तीच गोळी तीन महिने 40 अंशांवर ठेवून मग तपासली तर काय होतं? खनिज घालून तिचं मऊ होण्याचं तापमान वर नेता येतं का? गॅमा किरणांनंतर साखळीची लांबी किती उरते? दिसायला रुक्ष आहेत हे प्रश्न. पण औषध गडचिरोलीच्या आरोग्यकेंद्रातल्या कपाटापर्यंत पोचणार की नाही, हे त्यांच्यावर ठरतं. यासाठी लागणारी बहुतेक साधनं चांगल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात असतात. दुर्मीळ असतो तो वेळ. महिनाभर चालणाऱ्या गोळीची खरी चाचणी महिनाभरच चालते. उष्णता वाढवून ती आठवड्यात उरकू म्हटलं, तर तापमान मऊ होण्याच्या रेषेपलीकडे जातं आणि औषध सुटण्याची रीतच बदलते. हाडातल्या सहा महिन्यांच्या मण्याला सहा महिने द्यावे लागतात, दिवाळीच्या सुट्टीतही कुणीतरी येऊन नमुना काढावा लागतो. पीएच.डी.च्या तीन-चार वर्षांत अशा चाचण्या फार थोड्या बसतात. म्हणून मार्गदर्शकांना आणि विद्यापीठांना माझी विनंती आहे, की अशा विद्यार्थ्याचे निबंध मोजू नका. त्यानं पूर्ण केलेली एक सहा महिन्यांची चाचणी, तापमान आणि ओलावा यांच्या नोंदींसकट, प्रबंधाला पुरेशी माना. आणि अनुदान देताना पैशांबरोबर ते सहा महिनेही द्या.